साहेबाचा मोतीबिंदू

पाटबंधारे खात्यात मी सारी नोकरी फाइलींच्या सहवासात काढली. फाइल पडून राहिली की तिला वाळवी लागते, हा माझा पक्का अनुभव. किस्स्यांचं उलट असतं. ते पडून राहिले की अंग धरतात. आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से आता इतके साचलेत, की परवा ढोबळे मला म्हणाले, “मधुभाऊ, तुम्ही लिहून काढा जी हे. नाही तं मी सांगत फिरीन, अन् माह्या सांगण्यात सगळ्यांत हुशार मीच निघतो.”

हा धोका टाळण्यासाठी लिहायला बसलो आहे.

आमचं मंडळ म्हणजे रामदासपेठेत देशकर सरांच्या घरी दर रविवारी सकाळी जमणारी पाच माणसं. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. रिटायर झाल्यावर शिकवायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी आम्हाला धरलं. ढोबळे खापरखेड्याला वीज केंद्रात इंजिनिअर होते. सुमनताई मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आहेत, फक्त शाळा उरलेली नाही. चिंतावार शेठ यांचं इतवारीत साड्यांचं दुकान आहे. ते आता मुलगा बघतो, म्हणजे शेठ दुकानात बसून मुलाकडे बघतात. पाचवा मी.

आम्ही वाचतो एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात एका विद्वान इंग्रजाने कला, सौंदर्य आणि समीक्षा या विषयांवर लिहिलेले निबंध. लेखकाचं नाव उच्चारायला त्रास होतो म्हणून ढोबळ्यांनी पहिल्याच रविवारी त्याचा ‘साहेब’ करून टाकला. साहेबाचं एक वाक्य अर्धं पान चालतं. त्यात क्रियापद सापडणं म्हणजे आमच्या खात्यात मंजुरीचा शेरा सापडणं. म्हणून पद्धत अशी पडली, की सरांनी मूळ इंग्रजी मनात वाचायचं आणि आम्हाला सरळ मराठीत ऐकवायचं. आम्ही ऐकायचं, वाद घालायचा आणि नलिनी वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, चहा प्यायचा.

साहेबाच्या सगळ्या निबंधांचं सार एवढंच, की माणसाने मत देण्याआधी वस्तूकडे नीट पाहावं. सरांनी त्याचा मंडळासाठी नियम करून टाकला. कोणत्याही गोष्टीबद्दल बोलायचं असेल तर आधी तीन दिसलेल्या गोष्टी सांगायच्या. ‘छान’ हा शब्द बंद. जो ‘छान’ म्हणेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी तर्री-पोहे आणायचे.

पहिले काही महिने पोहे चिंतावार शेठनीच आणले. त्यांचं सगळं आयुष्यच त्या एका शब्दावर उभं होतं.

*

शेठवर नियमाचा परिणाम झाला तो मात्र दुकानात.

एक बाई साडी अंगाला लावून आरशासमोर उभी होती. मुलगा गोदामात गेलेला. तिने शेठना विचारलं, “कशी दिसते हो?”

एरवी शेठ काय म्हणाले असते ते सांगायला नको. पण आदल्याच दिवशी रविवार होऊन गेलेला. शेठनी चष्मा वर केला आणि पाहणी केली. “ताई, काठ वीतभर आहे. तुमची उंची बेताची आहे. त्याच्यामुळे काय हो रहा है, की साडी दिसते आणि तुम्ही दिसत नाही.”

बाई साडी ठेवून निघून गेली. मुलगा बाहेर आला, त्याला सगळं कळलं, आणि त्याने बापाला हात जोडून सांगितलं, “बाबा, उद्यापासून तुम्ही घरी साहेब वाचा.”

दुसऱ्या दिवशी तीच बाई दोन बहिणींना घेऊन दुकानात हजर. “ते खरं बोलणारे काका कुठे आहेत?” मुलाने घाईघाईने शेठना फोन करून बोलावून घेतलं, गादीवर बसवलं, चहा मागवला. घराण्याला दिवस पालटल्याचा भास झाला.

बहिणींनी पिशव्या उघडल्या. आत घरून आणलेल्या साड्या होत्या. एकही शेठच्या दुकानातली नव्हती.

“काका,” त्या म्हणाल्या, “यातल्या कोणत्या ठेवू आणि कोणत्या वहिनीला देऊन टाकू?”

*

ढोबळ्यांना नियम पाळायला कष्ट पडले नाहीत. ते आधीपासूनच कोणाला छान म्हणत नव्हते. साहेबामुळे त्यांना फक्त परवाना मिळाला.

त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं, बुटीबोरीच्या रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये. यजमान पाहुण्यांमध्ये फिरत होते. ढोबळ्यांपाशी येऊन त्यांनी विचारलं, “कसं काय ढोबळेजी, डेकोरेशन कसं वाटलं?”

ढोबळ्यांनी ताट खाली ठेवलं. “तीन गोष्टी दिसल्या. स्टेजवर तुम्ही दोन धबधबे लावले. नवरदेव मधात बसला. त्यामुळे त्याच्या दोन्ही कानांतून पाणी निघून राहिलं असं वाटते.”

यजमानांचा चेहरा पडला. ढोबळ्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं. पण गोष्ट टेबलाटेबलावरून पुढे सरकत थेट स्टेजपर्यंत गेली. थोड्या वेळाने नवरदेव स्वतः शेरवानी सावरत खाली आला. आता हा काय करतो म्हणून सगळे बघत राहिले.

तो ढोबळ्यांच्या पाया पडला. म्हणाला, “काका, मी सकाळपासून बाबांना हेच सांगून राहिलो.”

*

आता सरांकडे येतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

गेल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे आम्ही सगळे सरांसोबत फिरायला निघालो होतो. कोपऱ्यावरचा दिवा नुकताच लागला होता. सर थांबले. “पाहा,” ते म्हणाले, “दिव्याभोवती सोनेरी वलय आहे. खांबाची कड हवेत विरघळते आहे. पलीकडची झाडं एकमेकांत मिसळून एकच झाड झालं आहे. साहेब धुक्याच्या चित्रांबद्दल जे म्हणतो ते हेच. रेषा गेली की सौंदर्य सुरू होतं.”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं.

चिंतावार शेठना आदरापोटी वलय दिसलं. मलाही थोडंसं दिसलं, कारण मी नोकरीत साहेबांना दिसतं ते पाहायला शिकलो होतो. ढोबळे म्हणाले, “मले तं दिवा दिसते. अन् दिव्याखाली एक पाल.”

सुमनताईंनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग सरांकडे. “सर,” त्या म्हणाल्या, “हे सौंदर्य नाही. हा मोतीबिंदू आहे. माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी स्वयंपाकघरातल्या बल्बमध्ये दत्त दिसायचे.”

“मग?”

“ऑपरेशन केलं. मग सून दिसायला लागली. तेव्हापासून घरात शांतता नाही.”

*

वहिनींनी सरांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा सोबत मी होतो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने तपासलं आणि साफ सांगितलं, “दोन्ही डोळ्यांत आहे. उजवा जास्त पिकलाय. काका, हे आणखी लांबवू नका. जितका उशीर कराल तितका तो कडक होईल आणि ऑपरेशन अवघड होईल.”

सरांनी मांडी घातली. खुर्चीत बसून मांडी घालतात तेव्हा त्यांचं व्याख्यान लांबतं. त्यांनी त्या मुलीला समजावून सांगितलं की स्पष्ट दिसणं आणि सत्य दिसणं या दोन गोष्टी आहेत. थोर चित्रकारांनी म्हातारपणी जी चित्रं काढली त्यांत कडा पुसट असतात, आणि समीक्षकांनी त्यांनाच डोक्यावर घेतलं आहे.

डॉक्टरने शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर पेशंट ताटकळले होते. मग ती म्हणाली, “काका, ते चित्रकार माझ्याकडे आले असते तर मी त्यांनाही हेच सांगितलं असतं.”

जिना उतरताना सरांनी माझा दंड घट्ट धरला. वहिनी पुढे औषधं घ्यायला गेल्या होत्या.

“मधुकर,” ते म्हणाले, “माझ्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला. जुनी गोष्ट आहे, तेव्हाची तऱ्हा वेगळी होती, सगळं मला समजतं. पण आज निदान तू शेजारी आहेस एवढं मला दिसतं. हेही गेलं तर?”

खाली पोचल्यावर वहिनींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “काहून घाबरता? मी आहे नं.”

“मी घाबरत नाही,” सर म्हणाले. “माझा तात्त्विक विरोध आहे.”

“बरं,” वहिनी म्हणाल्या. “तत्त्वाला रिक्षात बसवा. ऊन लागून राहिलं.”

*

सरांचा तात्त्विक विरोध पावसाळाभर टिकला. आणि याच काळात एक नवल झालं. साहेब सुधारला.

आधी साहेबाचा निबंध ऐकताना चिंतावार शेठ हमखास डुलक्या घ्यायचे. आता ते पुढे सरकून बसू लागले. वाक्यं आखूड झाली. लॅटिनची उदाहरणं गेली. एका रविवारी सर पुस्तक धरून वाचत होते, “उन्हाळ्याच्या दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की खोलीत जो अंधार येतो, तो काळा नसतो. त्याला हिरवट रंग असतो, आणि त्यात बसलेली माणसं उगाच चांगली वाटतात.”

ढोबळ्यांनी हात वर केला. “सर, या साहेबाच्या देशात वाळ्याची ताटी कुठून आली जी?”

“मुळात शेकोटी आहे,” सर म्हणाले. “मी रूपांतर करतो आहे.”

“शेकोटीवर पाणी मारते तो?”

“भावार्थ, ढोबळे. भावार्थ.”

पुढच्या रविवारी साहेबाने अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरच्यांवर असं काही लिहिलं की सुमनताईंना ठसका लागला. ढोबळे म्हणाले, “साहेब मिरची घ्यायले भिवापूरकडे येऊन गेला असन.”

मी सरांच्या शेजारी बसतो. एका सकाळी सर रंगात आले होते. जुन्या वस्तूंना वापराने जी झळाळी येते त्याच्यावर उतारा चालू होता. पितळी घंगाळ, देवघराचा उंबरा, आजोबांच्या काठीची मूठ. इतका सुरेख उतारा मी साहेबाचा पूर्वी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता माझी नजर पुस्तकावर गेली. तसंच लाल कापडी बांधणीचं, तेवढंच जाड. पण ते साहेबाचं नव्हतं. सरांनी कपाटातून चुकून वहिनींचं बाराक्षार चिकित्सेचं पुस्तक उचललं होतं. उघडलेल्या पानावर पोटदुखीवरचे उपाय होते.

सरांना अक्षर दिसत नव्हतं. साहेबाचे निबंध ते स्वतःच रचून सांगत होते, आणि पानं अंदाजाने उलटत होते.

घरी जाताना मी ही गोष्ट फक्त सुमनताईंना सांगितली. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं.

“मला आषाढापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? वाचता येत नाही असं चारचौघांत ठरलं, तर सर ती खुर्ची सोडतील. आणि खुर्ची सोडली तर घरात भिंतीकडे तोंड करून बसतील.” मग थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “शिवाय आधीच्या साहेबाला मी कंटाळले होते.”

*

दिवाळीत सरांच्या सोसायटीत रांगोळी स्पर्धा असते. आवारातल्या फरशीवर खडूने चौकटी आखतात, प्रत्येकीपुढे नावाची चिठ्ठी ठेवतात. यंदा सेक्रेटरींनी परीक्षक म्हणून सरांना बोलावलं. सौंदर्यावर अधिकारवाणीने बोलणारा दुसरा माणूस त्या इमारतीत नव्हता. वहिनी म्हणाल्या, नको म्हणा. सर म्हणाले, नाही म्हणायला कारण काय सांगू?

मी त्यांचा हात धरून सोबत फिरलो. सर प्रत्येक चौकटीपुढे उभे राहून मान हलवत होते. एका बाईंनी मोर काढला होता. पहाटेपासून बसून एकेक पीस रंगवलेलं. शेवटाकडच्या एका चौकटीपुढे सर बराच वेळ थांबले. मी त्यांचा हात दाबला. त्यांना वाटलं मला पुढे जायची घाई आहे. मी कानाशी लागायच्या आत सेक्रेटरींनी माइक पुढे केला.

“इतरांनी रंग भरले,” सर म्हणाले. “ते सोपं असतं. या एका चौकटीत मात्र रंगांचा गोंगाट नाही. पाहणाऱ्यासाठी जागा सोडली आहे. थांबावं कुठे हे या बाईंना कळलं आहे. पहिलं बक्षीस यांना.”

सेक्रेटरींनी चौकटीकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. मग पुन्हा चौकटीकडे. चौकट रिकामी होती. नाव दिलेल्या बाई आदल्या दिवशीच अमरावतीला माहेरी निघून गेल्या होत्या.

कोणीतरी टाळी वाजवली. सर प्रोफेसर असल्यामुळे मग सगळ्यांनीच वाजवली. त्या बाईंचा नवरा पुढे आला, त्याने बक्षिसाचा डबा घेतला आणि म्हणाला, “थॅंक्यू सर. ती आली की सांगतो.”

मोरवाल्या बाई सरांजवळ आल्या. त्यांच्या बोटांना अजून निळा रंग होता. “सर, माझ्यात काय कमी पडलं?”

“संयम,” सर म्हणाले.

जिन्यापाशी आल्यावर सरांनी विचारलं, “मधुकर, ती बाई रडवेली का झाली होती? तिने काय काढलं होतं?”

“मोर.”

“मोठा?”

“बराच.”

“आणि मी बक्षीस दिलं त्या चौकटीत काय होतं?”

क्लार्कला साहेबांसमोर खरं सांगण्याची सवय नसते. पण नियम सरांनीच केला होता. “तीन गोष्टी दिसल्या सर,” मी म्हणालो. “फरशी, खडूची रेघ आणि नावाची चिठ्ठी.”

सर कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं आता ते धुकं, रेषा, रिकामी जागा असं काहीतरी सुरू करतील. ते म्हणाले, “मला परत खाली घेऊन चल.”

मोरवाल्या बाई रांगोळीशेजारीच बसल्या होत्या. सरांनी चप्पल काढली, त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि म्हणाले, “ताई, मला दिसत नाही. तुमचा मोर मला दिसला नाही. कोणाचीच रांगोळी दिसली नाही. मी अंदाजाने बोललो.”

हे शब्द ते पहिल्यांदाच बोलत होते. मी त्यांच्या घरात इतकी वर्षं चहा प्यायलो, पण सरांना खाली बसलेलं पाहिलं नव्हतं.

बाईंनी डोळे पुसले. निळा रंग गालाला लागला. “जाऊ द्या नं सर,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी परत काढीन. पण तुम्ही पाहायला या.”

“कसा येऊ?”

“ते मी कसं सांगू जी? मी फक्त रांगोळी काढते.”

घरी येऊन सरांनी वहिनींना सांगितलं, “त्या डॉक्टर मुलीला फोन लाव. तारीख घे.”

*

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात होतो. वहिनी बाकावर ताठ बसल्या होत्या. कोणी काही बोललं की ‘हो’ म्हणत होत्या, काय बोललं ते न ऐकता. चिंतावार शेठ त्यांना धीर द्यायला म्हणाले, “भाभीजी, सब छान होईल.” कोणी पोहे मागितले नाहीत.

आत मात्र सरांची तऱ्हा वेगळीच चालली होती. डॉक्टर नंतर सांगत होती, “चेहऱ्यावर कपडा टाकला, डोळा सुन्न केला. मी काम सुरू केलं तर काका आतून बोलायला लागले. म्हणाले, आधी पांढरा उजेड आहे, मग त्यात गुलाबी येतो आहे, आता निळ्याची एक लाट आली. मी म्हटलं, काका बोलू नका, डोळा हलतो. तर म्हणाले, तीनच गोष्टी सांगायच्या होत्या, झाल्या.”

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मी वहिनींच्या मागे उभा होतो आणि त्यांनी माझ्या शर्टाची बाही कधी पकडली ते त्यांनाही कळलं नसेल.

सरांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. आधी खिडकीकडे पाहिलं. मग पहिलं वाक्य बोलले, “चिंतावार, तुम्ही केसांना रंग लावता?”

शेठ म्हणाले, “हळू बोला सर, दुकानात मुलालाही माहीत नाही.”

मग सरांचा धडाका सुरू झाला. डॉक्टर त्यांच्या कल्पनेपेक्षा बरीच लहान निघाली. माझ्या शर्टाची कॉलर विरलेली निघाली. आपण राखाडी समजून घातलेला सदरा पांढरा निघाला. ढोबळ्यांना ते म्हणाले, “तुम्ही इतके जाड कधी झालात?” ढोबळे म्हणाले, “धुक्यात होतो तवा बरा होतो.”

शेवटी सरांनी वहिनींकडे पाहिलं. पाहतच राहिले. वहिनी वाट पाहून म्हणाल्या, “काय झालं? मी पण जाड निघाली काय?”

“नाही,” सर म्हणाले, आणि पुढे काहीच बोलले नाहीत. सगळ्यांची पाहणी झाली, तेवढीच एक राहिली.

महिन्याभराने डावा डोळाही झाला. डॉक्टरने वाचायचा चष्मा दिला. वहिनी आम्हाला फोनवर सांगत होत्या, “आता यांना छतावरची जाळी दिसते, डाग दिसतात, भाजीतला खडा दिसते. मोतीबिंदू काय वाईट होता, मले विचारा.”

*

मग तो रविवार आला. थंडी चांगली पडली होती. सर नवा चष्मा लावून खुर्चीत बसले. या वेळी हातात खरोखरच साहेब होता, मी बाजूने खात्री करून घेतली. सरांनी खूण शोधली, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

वाक्य सुरू झालं. ते चाललं. मध्ये एक पोटवाक्य आलं, त्याच्या पोटात आणखी एक आलं. ग्रीक देवळांचे खांब आले. सौंदर्याचे पाच प्रकार, त्यांतल्या दुसऱ्याचे चार उपप्रकार. सर एकेक शब्द जपून, प्रामाणिकपणे मराठीत आणत होते. चिंतावार शेठची हनुवटी छातीला टेकली. सुमनताई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

पान संपलं तेव्हा ढोबळ्यांनी जांभई आवरली. “सर, एक बोलू का?”

“बोला.”

“साहेब थकला वाटते जी. दिवाळीच्या आधी कसा लिहून राहिला होता. आता दम नाही उरला त्याच्यात. डोळे तपासून घे म्हणा त्याले.”

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. सर पानावर बोट ठेवून बसले होते. ढोबळ्यांचा चेहरा इतका निरागस होता, की त्यांना काय माहीत आहे आणि काय नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

सरांनी चष्मा काढला. घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. पुस्तक थोडं लांब धरलं आणि पान उलटलं.

“नवा निबंध आहे,” ते म्हणाले.

“होऊ द्या,” ढोबळे म्हणाले.

सर वाचू लागले. “जी वस्तू आपण रोज पाहतो ती आपण पाहिलेलीच नसते. माणूस देशोदेशीची चित्रं पाहायला जातो आणि सकाळी ज्या हातातून चहाचा कप घेतो त्या हाताकडे बघत नाही. त्या हाताच्या अंगठ्याजवळ भाजल्याची एक जुनी खूण आहे. ती कधी झाली हे त्याला माहीत नाही. त्याने विचारलं नाही.”

चिंतावार शेठची मान वर आली.

“मग एक दिवस,” सर वाचत होते, “त्याला तो चेहरा पुन्हा पाहायला मिळतो. केस पांढरे झाले आहेत. कपाळावर आठ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच त्याच्यामुळे पडल्या आहेत. डाव्या भुवईच्या टोकाला एक बारीक तीळ आहे. तो लग्नाच्या दिवशीही तिथेच असणार. पाहणाऱ्याने तेव्हा फक्त दागिने पाहिले.”

नलिनी वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. कपांतून वाफ निघत होती. आमच्यापैकी कोणी ट्रे घ्यायला उठलं नाही.

सरांनी पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. पान उलटायला हात पुढे केला, पण उलटलं नाही.

वहिनी आत आल्या. ट्रे टेबलावर ठेवला. एकेकाच्या हातात कप दिला, शेवटचा सरांच्या हातात.

“तीळ उजव्या भुवईवर आहे,” त्या म्हणाल्या. “साहेबाले म्हणा, नीट पाह्य.”